फियाट डिलाइटचे बाहेरचे आरसे : जालन्याच्या एका गाडीचं प्रकरण

गाडी १९६८ची, फियाट ११०० डिलाइट. प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून हे मॉडेल १९६४पासून काढलं. पुढे थोड्याफार फरकाने तीच गाडी प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाकडं. मालक जालन्याचे निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना सर म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतली, तेव्हा घरात जिनिंगचा धंदा होता. नंतर बरीच वर्षं ती वाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याशेजारी उभी राहिली आणि शेवटी टेम्पोवर चढून छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला आमच्या गॅरेजात आली.

इंजिन, ब्रेक, वायरिंग या कामांबद्दल इथे लिहीत नाही. ती कामं ठरलेल्या वाटेने जातात. बाहेरच्या आरशांवर मात्र जितकी चर्चा झाली, तितकी रंगावरही झाली नाही. बहुतेक मालक आरसा ही शेवटची किरकोळ खरेदी समजतात: गाडी रंगून आली की बाजारातून एक जोडी आणायची आणि ड्रिल मारायचं. आम्ही हा विषय गाडी उघड्या पत्र्यावर असतानाच काढतो. कुठलं भोक ठेवायचं, कुठलं बुजवायचं हे प्रायमरच्या आधी ठरलं नाही, तर पुढे रंगवलेल्या मडगार्डात भोक पडतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या कडेने गंज फुगतो.

सरांची मागणी साधी वाटत होती. त्यांच्याकडे एक काळापांढरा फोटो होता. बीबी का मकबऱ्यासमोर गाडी उभी, वडील बॉनेटला टेकलेले, आणि उजव्या मडगार्डावर लांब दांडीचा गोल आरसा. डावीकडे काहीच नाही. “हाच आरसा पाहिजे, आणि तसाच डावीकडं दुसरा,” असं ते म्हणाले.

इथे एक गोष्ट त्यांना आधीच सांगितली. त्या काळात बाहेरचा आरसा बहुधा मालकाने ॲक्सेसरीच्या दुकानातून घेऊन हौसेने किंवा गरजेने बसवलेला असे. त्यामुळे ‘कंपनीचा ओरिजिनल’ म्हणून जे शोधायला लोक मुंबईचा चोरबाजार आणि दिल्लीचं कश्मीरी गेट पालथं घालतात, ते बऱ्याचदा अस्तित्वातच नसतं. या गाडीपुरतं ओरिजिनल म्हणजे फोटोतला आरसा. तेवढा पुरावा पुरेसा आहे.

रंग उतरवल्यावर पत्र्याने बाकीचा इतिहास सांगितला. उजव्या मडगार्डावर फोटोतल्या जागीच एक भोक होतं, आतून पत्र्याची चकती लावून पितळेच्या झाळीने बुजवलेलं, वर लांबीचा (पुटीचा) जाड थर. उजव्या दारावर, तिकोनी काचेच्या खालच्या कोपऱ्याजवळ, आणखी भोकं होती. तिथे मधल्या काळात काळा प्लॅस्टिकचा आरसा बसवला गेला होता. त्यातली दोन नीट होती, बाकीची कुणीतरी अंदाजाने पाडून सोडून दिलेली. डावीकडचं दार आणि मडगार्ड कोरं. म्हणजे याच घरातल्या माणसांनी कधीतरी मडगार्डावरचा आरसा काढून तो दारावर आणला होता. का, हे सरांना आठवत नव्हतं. त्याचं उत्तर पुढे मैदानात मिळालं.

गाडी वापरायची कशासाठी, हा प्रश्न आरशाच्या आधी सोडवावा लागला. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं, नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच काढता येते. सरांना गाडी शोभेसाठी नको होती. त्यांची मुलगी बदनापूरला नोकरीला आहे आणि आठवड्यातून एक-दोनदा तीच गाडी नेणार होती. म्हणून साधी नोंदणी ठेवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं ठरलं. याचा अर्थ आरसे परीक्षकांना दाखवायला बसवायचे नव्हते. जालना रस्त्यावर सळईच्या ट्रक, ऊसाच्या ट्रॉल्या आणि मागून शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाड्या यांच्यात ते रोज उपयोगी पडायला हवे होते.

बाजारात काय मिळालं

चार प्रकारचा माल टेबलावर आला.

पहिला, दिल्लीकडचा स्वस्त रिप्रो, म्हणजे जुन्यासारखी नव्याने बनवलेली नक्कल. मडगार्डावरचा, गोळीसारख्या आकाराचा, ‘पद्मिनी-अँबेसेडर सगळ्यांना चालतो’ असं सांगून विकला जाणारा. चकाकी डोळे दिपवणारी. लोहचुंबक लावला तर दांडीला चिकटला, डोक्याला नाही. म्हणजे दांडी लोखंडी आणि डोकं मझाकचं, जस्ताच्या डायकास्टचं. मझाकवरचा मुलामा सच्छिद्र असेल तर ओल आत शिरते आणि आतून पांढरे फोड येतात. पुन्हा मुलामा द्यायचा म्हटलं तर जस्त आम्लात विरघळतं, त्यामुळे आधी तांब्याचा वेगळा थर चढवावा लागतो आणि लहान प्लेटिंगवाले ते काम घेतच नाहीत. असा आरसा एकदा फुटला की टाकायचाच.

दुसरा, स्टेनलेस स्टीलचा गोल आरसा, साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा. एकच डोकं, पण आखूड दांडीसह दारासाठी आणि लांब दांडीसह मडगार्डासाठी, असा दोन्ही रूपांत मिळणारा. चुंबक जवळपास चिकटला नाही. भाव पहिल्याच्या कितीतरी पट.

तिसरा, कुठल्यातरी युरोपीय गाडीसाठी बनवलेला नाजूक रिप्रो. दिसायला सगळ्यांत सुंदर, पण त्याचा पाया वळणदार पत्र्यासाठी घडवलेला होता. फियाटच्या दारावर ठेवला की एका बाजूने अंगठा आत जाईल एवढी फट. त्याला जाड रबर पॅकिंग देऊन भागवता आलं असतं, पण ते दिसायला जुगाडच दिसलं असतं. परत पाठवला.

चौथा अचानक मिळाला. सरांच्या वाड्यातल्या माळ्यावर, खिळ्यामोळ्यांच्या डब्यात, फोटोतल्या आरशाचं डोकं सापडलं! पारा उडालेला, मुलामा सोललेला, दांडी वाकलेली. आमच्या गॅरेजातल्या उस्तादांनी आतल्या बाजूला स्क्रूच्या भोकाजवळ कानसीने खरडून पाहिलं, खाली पिवळं निघालं. पितळ. याला मरण नाही. सोलून, तांबं-निकल-क्रोम असा मुलामा पुन्हा चढवता येतो. टिकाऊपणा निकलच्या थरावर असतो, क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. म्हणून प्लेटिंगवाल्याशी बोलताना चकाकीबद्दल काही न विचारता आम्ही निकल किती वेळ देणार हे विचारतो.

इथपर्यंत कोणीही निर्णय घेऊन मोकळं झालं असतं: जुन्याला मुलामा द्या, डावीकडे त्याच आकाराचा स्टेनलेस घ्या, दोन्ही मडगार्डावर. सरही तेच म्हणत होते. आम्ही काचेपाशी अडलो.

काच

रिप्रो आरशांच्या जाहिरातीत धातूबद्दल भरभरून लिहिलेलं असतं, काचेबद्दल एक शब्द नसतो. आरसा विकत घेतो तो काचेसाठी, आणि विकला जातो तो चौकटीवर, अशी ही गंमत आहे.

काच सपाट आहे की फुगीर, आणि फुगीर असेल तर किती, हे गॅरेजातल्या फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजता येतं. काच सपाट प्लेटवर पालथी ठेवायची. मध्य टेकतो, कडेला फट राहते. समोरासमोरच्या दोन कडांची फट मोजून सरासरी घ्यायची. १०० मिलिमीटर व्यासाच्या काचेला कडेला साधारण १ मिलिमीटर फट असेल, तर वक्रतेची त्रिज्या १२०० मिलिमीटरच्या आसपास येते. फट २ मिलिमीटर असेल तर त्रिज्या ६०० वर येते, म्हणजे काच दुप्पट फुगीर. युरोपच्या आर-४६ नियमावलीत गाडीच्या मुख्य बाहेरच्या आरशाला १२०० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्या चालत नाही. आपल्याकडेही आरशांसाठी एआयएस-००१ आणि ते बसवण्यासाठी एआयएस-००२ ही मानकं आहेत, पण जुन्या गाडीचा आरसा विकणाऱ्या दुकानात त्यांचं नाव निघत नाही.

दिल्लीच्या मालाची फट दोन मिलिमीटर भरली. शिवाय काच फिरवून मोजली की आकडा बदलत होता, म्हणजे फुगवटा सगळीकडे सारखा नव्हता. स्टेनलेसवाल्याची काच सपाट निघाली, जाडीही जास्त. जाड काचेला रात्री एक वेगळा दोष दिसतो: मागच्या पाऱ्यातून एक आणि पुढच्या पृष्ठभागावरून दुसरी, अंधुक, अशा दोन प्रतिमा एका हेडलाइटच्या दिसतात. डब्यातल्या जुन्या आरशाची काचही सपाटच होती.

सरांचा कल सपाट काचेकडे होता. “फुगीर काचेत गाडी लांब वाटते, फसवते,” हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. अमेरिकेत चालकाच्या बाजूचा आरसा सपाटच लागतो, आणि दुसऱ्या बाजूच्या फुगीर आरशावर ‘दिसतं त्यापेक्षा जवळ आहे’ असा इशारा छापावा लागतो. पण आरसा डोळ्यापासून किती दूर आहे, यावर सगळं बदलतं. मडगार्डावरचा आरसा डोळ्यापासून साधारण १७० सेंटिमीटर, दारावरचा ७०. शंभर मिलिमीटरचा सपाट आरसा मडगार्डावर ठेवला, तर मागे २० मीटरवर जेमतेम सव्वा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ट्रकची रुंदीही त्यात मावत नाही. तोच दारावर आणला तर पट्टा तीन मीटरच्या आसपास जातो. १२०० त्रिज्येची फुगीर काच मडगार्डावर साडेचार मीटर दाखवते, दारावर सहा.

मग फुगीर काचच का नाही? कारण तिची किंमतही अंतराबरोबर वाढते. त्याच १२०० त्रिज्येच्या काचेत २० मीटरवरची गाडी दारावरून पाहिली तर सपाट आरशाच्या तुलनेत साधारण निम्मी दिसते. मडगार्डावरून पाहिली तर चौथा हिस्सा. दिल्लीच्या ६०० त्रिज्येच्या काचेत मडगार्डावरून ती सहाव्या हिश्शाएवढी राहते. आपली फियाट साठने चाललीय आणि मागची गाडी शंभरने, तर वेगातला फरक सेकंदाला अकरा मीटर. वीस मीटर संपायला दोन सेकंदही लागत नाहीत, आणि मडगार्डावरच्या १२०० त्रिज्येच्या आरशात मात्र ती गाडी ऐंशी मीटर मागे असल्यासारखी दिसते.

फक्कीचं मैदान

आकडे सांगून मालक पटत नाहीत, निदान सर तरी पटले नाहीत. म्हणून रंगाआधी, चाकांवर उभी असलेली बोडकी गाडी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नेली. सरांनीच शाळेतल्या क्रीडा स्पर्धांसारखी चुन्याची फक्की मारून दिली: गाडीच्या मागे वीस मीटरवर एक आडवी रेघ, तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरची खूण. आरसे लाकडी ठोकळ्यावर, शिकंज्याने मडगार्डाला आणि दाराला धरून. चालकाने एक डोळा मिटून बसायचं, उस्तादांचा पोऱ्या रेघेवरून चालत जाणार, आरशात दिसेनासा झाला की ओरडायचं.

सर बसले तेव्हा आकडे बऱ्यापैकी जुळले. सपाट आरसा मडगार्डावर असताना पोऱ्या दोन पावलांत गायब होत होता. सरांनी दोनदा पुन्हा चालायला लावलं, मग काही बोलले नाहीत.

खरी गडबड ताई, म्हणजे सरांची मुलगी, बसल्यावर झाली. ताई सरांपेक्षा बऱ्याच ठेंगण्या. बाकडं पुढे ओढलं, नजर खाली आली, आणि उजव्या मडगार्डावरचा आरसा स्टिअरिंगच्या मोठ्या चाकाच्या कडेमागे अर्धा झाकला गेला. “बाबा, मला तर यात काहीच दिसंना!” उशी घेऊन बसायचा सल्ला सरांनी दिला, ताईंनी तो ऐकला नाही. दांडी उंच केली तर आरसा दिसत होता, पण उंच दांडीला पातळ पत्र्यावर जास्त थरथर. मडगार्डाचा आरसा पूर्वी दारावर का गेला असेल, याचा अंदाज तेव्हा आला: सरांची आई गाडी चालवायची, आणि तीही ठेंगणीच.

डावीकडे चित्र उलटं. डाव्या दारावरचा आरसा पाहायला मान बरीच वळवावी लागत होती, आणि शेजारी माणूस बसला की तो आड येत होता. डाव्या मडगार्डावरचा मात्र दोघांनाही समोरच्या काचेतून, मान फारशी न वळवता दिसत होता. जपानमध्ये १९८३पर्यंत मडगार्डावरचेच आरसे सक्तीचे होते, आणि त्यामागे हा कमी मान वळवण्याचा फायदा होता. त्याची किंमत म्हणजे लहान प्रतिमा. पण डावीकडून घुसणारा मोटारसायकलवाला आहे की नाही, एवढंच कळायला हवं असेल, तर लहान प्रतिमा चालते.

उरलेला प्रश्न उजव्या दारावर सपाट की फुगीर. सपाट आरशात अंतर खरं, पण पट्टा तीन मीटरचा, आणि दाराला खेटून येणारी मोटारसायकल त्याच्या बाहेर राहते. फुगीर आरशात ती सापडते. अंतरासाठी आतला आरसा आहे, तो सपाट आहे आणि डिलाइटची मागची काच बऱ्यापैकी मोठी आहे. माझं मत फुगीरकडे होतं. चालवणार ताई, म्हणून त्यांना दोन्ही लावून दाखवलं आणि त्यांनीही फुगीरच घेतला.

ठरलं ते असं

उजव्या दारावर स्टेनलेसचा गोल आरसा, आखूड दांडी, आधीच्या दोन नीट भोकांत. बाकीची भोकं गॅसवर भरून घासली. एका गोष्टीची खात्री आधी केली: तिकोनी काच उघडली तर तिची चौकट आरशावर आदळत नाही आणि मधला उभा दांडा ताईंच्या नजरेत आरशाच्या मधोमध येत नाही. त्यासाठी पाया दोन सेंटिमीटर पुढे हवा होता; भोकं न हलवता पायाखाली आपणच बनवलेली चकती दिली.

डाव्या मडगार्डावर तेच डोकं, लांब दांडीचं. इथे नवं भोक पाडावंच लागलं. खालून चाकाच्या पोकळीत उघडणाऱ्या या भोकाला आमच्या भागात विशेष जपावं लागतं. काळ्या मातीचा चिखल तिथे चिकटला की महिनाभर ओल धरून बसतो. पत्र्याच्या आतून हाताएवढी आधारपट्टी, भोकाच्या कडेला इपॉक्सी प्रायमर, वर-खाली रबर, स्टेनलेस वायसर आणि पत्रा यांच्यामध्येही रबर, शेवटी सीलंट. आधारपट्टीशिवाय बसवलेला आरसा थंड इंजिनच्या गचक्यांवर इतका थरथरतो की त्यात दिवसा ट्रकही ओळखू येत नाही.

दोन्ही आरशांच्या जाड सपाट काचा काढल्या. फुगीर काच सपाट काचेतून कापता येत नाही. ती दुसऱ्या फुगीर आरशातूनच काढावी लागते. एका अलीकडच्या मोटारीचा जुना आरसा भंगारातून घेतला, गेजवर तो १२००च्या जवळपास भरला, काचवाल्याकडून त्यातून गोल चकत्या कापून घेतल्या. ट्रकचा वाइड-अँगल आरसा घ्यायचा मोह होतो, कारण त्यातून चकत्या जास्त निघतात, पण त्याची त्रिज्या याच्या कितीतरी खाली असते.

फोटोतला पितळी आरसा फेकला नाही. त्याला पुन्हा मुलामा दिला, दांडी सरळ केली, सपाट काच बसवली. उजव्या मडगार्डावरचं जुनं भोक वेल्डिंगने न बुजवता मोकळं करून, कडा रंगवून, त्यात रबरी बूच बसवलं. रॅलीच्या दिवशी बूच काढून आरसा चढतो, खालून एकच नट. डावीकडच्या स्टेनलेस डोक्याचा व्यास त्याच्याशी जुळतो, म्हणून समोरून जोडी दिसते. दारावरचा तिसरा आरसा परीक्षकांच्या डोळ्यात येईल, यावर सरांचं अजून समाधान झालेलं नाही. तो काढून ठेवता येतो, पण मग ताईंनी गाडी रॅलीपर्यंत न्यायची कशी, असं विचारल्यावर ते विषय बदलतात.

गाडी आता धावते. पंचावन्नच्या वर डावा आरसा किंचित थरथरतो. दांडीच्या गोळ्याचा स्क्रू कसला की थांबतो आणि काही दिवसांनी पुन्हा ढिला होतो. त्याच्याखाली स्प्रिंग वायसर घालायचं काम बाकी आहे. एक सूचना ताईंना लिहून दिली आहे: आरसे बोअरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळू द्यायचे नाहीत. जालन्याच्या जड पाण्याचे पांढरे डाग वाळून बसले की लोक ते घासणीने काढायला जातात, आणि त्यात काचेच्या कडेचा पारा आधी जातो. उरलेल्या फुगीर चकत्या कागदात गुंडाळून गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवल्या आहेत.